सागरला हात लावायचा न्हाई

४ जाने., विंझर
अंगणवाडी सुटल्यावर ST नं भोरला. विहारात थायलंड सहलीची मीटिंग. टूरवाल्यानं सांगितलं ते: पासपोर्ट अजून सहा महिने तरी चालणारा पायजे. जायच्या आधी मोबाईलवर माहिती भरायची (रेखाला सांगणे, लेक कशाला हाय). नळाचं पाणी प्यायचं न्हाई. खांदे, गुडघे झाकलेले. तिथल्या भन्तेजींना बायांनी शिवायचं न्हाई. हातात काही द्यायचं न्हाई, ते कापड अंथरतील त्यावर ठेवायचं.
म्या विचारलं, आईनं पण?
"आईनं पण, मावशी."
पुढचं काही ऐकलंच न्हाई.

५ जाने.
शिवायचं न्हाई. आजेसासूला पाणवठ्यावर हेच ऐकवायचे. ह्यो नियम तसला न्हाई, भिक्खूंचं व्रत असतं, मला ठावं हाय. पण शब्द तोच, आन् तोही माझ्याच पोराबद्दल. दिवसभर अंगणवाडीत नाकं पुसली, हात धुतले. लोकांच्या पोरांचे.

८ जाने.
पंधरा दिवस श्रामणेर, म्हंजी शिकाऊ भिक्खू, होतो म्हणून सागर थायलंडला गेला त्याला दोन वर्षं झाली. अंगावरचं चीवर उतरवलंच न्हाई, भिक्खूच झाला. विहारात बाया म्हणतात, भाग्यवान माय, धम्माला लेक दिलास. म्या कुठं दिला? तो गेला. मी आपली हसते, साधू साधू म्हणते. घरी येऊन रडते.
ह्यांनी तवापासून त्याचा फोन घेतला न्हाई. "मला पोरगा पायजे होता, भन्ते न्हाई." विषय संपला.

११ जाने.
सागरचा फोन. आवाज बसलेला. "अधूनमधून ताप येतोय. काळजी करू नका." मला अहोजाहो करतो आता. तापला की माझा तळहात कपाळावर दाबून धरायचा हा, काढू द्यायचा न्हाई.

१२ जाने.
ह्यांना म्हणले, तुमी चला. आईला शिवता येत न्हाई, बापाला येतं. कपाळाला हात लावून मला सांगा किती तापलाय ते. हे पेंढा रचत होते. "न्हाई म्हंजी न्हाई." रागानं जेवायला वाढलं न्हाई. मग वाढलं.

१९ जाने.
येतायत! पण म्हणे, "तुला एकटीला विमानात सोडवत न्हाई म्हणून. त्या विहारात पाय ठेवणार न्हाई." नका ठेवू, चला तर. नाचणीचे लाडू केले. रेखा म्हणते सकाळीच दे, दुपारी बारानंतर भिक्खू जेवत न्हाईत.

२ फेब्रु., थायलंड
घड्याळ दीड तास पुढं केलं. उकाडा लई. इथली माणसं गोड बोलतात, कळत काही न्हाई.

३ फेब्रु.
सकाळी भेटला. पोटच्या पोराला गुडघे टेकून वंदन केलं, तीनदा. लई वाळलाय. ओठ सुकलेले, डोळे लाल. त्यानं कापड अंथरलं, म्या लाडू ठेवले, त्यानं कापड ओढून घेतलं. हातभर लांब बसला होता.
"किती ताप हाय रे?"
"थोडा."
थोडा म्हंजी किती? नुसतं बघून काय कळणार मला? पदरात हात गुंडाळून बसले, लागू नये म्हणून.
मग हळूच, "बाबा आलेत?"
फाटकापाशी हायेत म्हणले.
मी बाहेर आले. हे झाडाखाली, पाठ करून. म्हणले, राग धरा, बोलू नका त्याच्याशी, जन्मभर बोलू नका. फक्त हात लावून या.
अर्धा तास झाला. मी पायरीवर बसून हे लिहितेय. ह्यांनी चपला काढल्यात. उभेच हायेत अजून.