धोंड्याच्या महिन्यातली सात तळी

१७ मे, रविवार. सकाळी ७.
आजपासून अधिक महिना, आणि आजपासूनच ही वही. निव्वळ योगायोग.

संकल्प: जिल्ह्यातल्या सात तळ्यांचा सायकल-मार्ग आखायचा. शाळा थेट १५ जूनला. पुस्तक काढायचं, प्रत्येक तळ्याला एक पान: अंतर, चढ, पाणी, पक्षी, चहा. परदेशात लोक सायकलवर तंबू बांधून तळ्यातळ्यांतून हिंडतात. आपल्याकडे हर्सूलपासून नाथसागरापर्यंत तळी आहेत, पण माणूस बुलेटवरून खाली उतरत नाही. कुणीतरी सुरुवात केली पाहिजे. भूगोलाच्या शिक्षकानं नाही करायची तर कुणी?

सातवं तळं नाथसागर, पैठणच्या धरणाचं. त्याच्या काठावर नवी कासारवाडी, म्हणजे सत्यशीलाचं माहेर. याला मी काही करू शकत नाही. धरण मी बांधलेलं नाही.

ती फेब्रुवारीपासून तिथंच आहे. वडील गेले, तेराव्यापर्यंत थांबली, मग थांबलीच. आम्ही दोघंच घरात, त्यामुळे एक माणूस नसला की जरा जाणवतं, एवढंच. दुःख ओसरायला वेळ लागतो.

शिवाय हा धोंड्याचा महिना. जावयाला बोलावणं येतं, पाट मांडून पुरणाचे धोंडे वाढतात. येईलच. बोलावणं आणि सातवं तळं एकाच दिवशी बसवायचं.

१८ मे.
कडुबाच्या दुकानातून सायकल घेतली. एकवीस गिअर. कडुबा म्हणाला, सर, आधी आठ दिवस दूध आणायला जाऊन बघा, मग तळ्याचं काढा. या शहरात व्हिजन नाही.

२१ मे. मार्ग क्र. १ : हर्सूल.
निघायची वेळ ठरली होती ५. निघालो ८.४०. अलार्म वाजला होता, असं शेजारी म्हणतात. पूर्वी सत्यशीला उठवायची. अलार्म चहा घेऊन उभा राहत नाही, हा त्याचा मोठा दोष.

अंतर: नऊ किलोमीटर. चढ: नकाशात दिसत नाही, पायांना दिसतो. जेलच्या भिंतीपाशी उसाचा रस, तीन ग्लास. तळं: आहे. पाणी: मधोमध. पक्षी: एक टिटवी, बहुतेक माझ्यावरच ओरडत होती. परत येताना छोटा हत्ती केला. ड्रायव्हरनं सायकल मागे टाकली आणि मलाही मागेच बसवलं.

पुस्तकात लिहायचं: परतीची सोय उत्तम.

२४ मे, रविवार.
विश्रांती. ट्रेनिंगमध्ये तीही लागते.

सत्यशीलाला फोन केला. झाडांना पाणी घालता का, एवढंच तिनं विचारलं. हो म्हणालो. फोन झाल्यावर गॅलरीत गेलो. मोगरा वाळून काडी झाला आहे. कधी झाला कोण जाणे.

सायकलचं सांगितलं. ती हं म्हणाली. मग म्हणालो, येतो बघ एखाद्या रविवारी. फोन कट झाला. धरणाकाठी रेंजचा प्रॉब्लेम असतो.

२९ मे.
बोलावणं अजून नाही.

धोंड्याचं बोलावणं द्यायला सासरे, सर्जेराव, स्वतः यायचे. फोन केलेला असला तरी यायचे. एसटीनं. टोपी काढून मांडीवर ठेवायची, बशीतून चहा प्यायचा, आणि उठताना म्हणायचं, जावईबापू, यायचं बरं का, पाट मांडून ठेवतो. लग्नापासून पाच धोंडे झाले. दोनदा गेलो. एकदा कोरोना, दोनदा माझी कामं होती. तरी पुढच्या वेळी ते टोपी काढून समोर हजर.

आता कोण येणार? मेहुणा नाही. सासूबाईंना, राजाबाईंना, गुडघ्यांमुळे एसटी चढवत नाही. म्हणजे त्यांनी धरलंच असणार की मी येणार. घरच्या माणसाला कसलं बोलावणं?

२ जून. मार्ग क्र. २ ते ६.
पाचही तळी एकाच दिवशी. गूगलवरून, पंख्याखाली. याला डेस्क सर्व्हे म्हणतात.

५ जून.
शिवराजचा फोन. हा माझा साडू, सत्यशीलाच्या धाकट्या बहिणीचा, श्रेयाचा नवरा. म्हणाला, भाऊ, चौदा तारखेला कासारवाडीत धोंडे हायेत, सासूबाईचा फोन आला व्हता. तुम्ही येताय नव्हं?

म्हणालो, अर्थातच. तारीख मला माहीतच आहे.

सत्यशीलानंच त्याला मला कळवायला लावलं असणार. मानी आहे. सरळ सांगणार नाही.

७ जून, रविवार.
एक गोष्ट उगाच डोक्यात येते. लिहून टाकतो, म्हणजे जाईल.

जानेवारीत सर्जेराव अंथरुणाला खिळले होते. सत्यशीला म्हणाली, बाबा आठवण काढतायत, मला सोडून या. मी म्हणालो, बघू, रविवारी. ती म्हणाली, मी एसटीनं जाते. मी म्हणालो, एसटीचे धक्के कशाला खातेस, रविवारी गाडीनं आरामात जाऊ. त्या रविवारी पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी गाडीचं टायर. मग पुन्हा, बघू, रविवारी. तिनं पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. मी येता-जाता तिला अडखळायचो.

शनिवारी ते गेले. रविवारी आम्ही निघालो. गाडीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. शांतता फार झाली म्हणून बिडकीनपाशी मी म्हणालो, रस्ता चांगला झालाय.

चूक अशी कुणाचीच नाही. चौदा तारखेला रविवारच आहे. तिला बरं वाटेल.

१३ जून, शनिवार.
तयारी पूर्ण. शाळेच्या भूगोल कक्षातून जुना नकाशा आणला, धरणाआधीचा. पैठण रस्त्यापासून धरणात बुडालेल्या जुन्या कासारवाडीपर्यंत सरळ रस्ता दिसतो. पाणी उतरलं आहे, म्हणजे रस्ता मोकळा झाला असणार. अकरा किलोमीटर वाचतात. हे पुस्तकातलं सर्वात भारी पान होईल.

नर्सरीतून मोगऱ्याचं नवं रोप घेतलं. कॅरिअरवर बांधलं. तोच मोगरा आहे म्हणून सांगणार. कडुबा रोपाकडे बघत राहिला. मग कॅरिअरला आणखी एक दोरी बांधली.

१४ जून, रविवार. पहाटे ४.
अलार्मच्या आधी उठलो!

सकाळी ८.
बिडकीनपर्यंत छोटा हत्ती. दम राखून ठेवला.

११.१०.
गाळात. लिहायला वेळ आहे. वरून भेगा पडलेली वाळकी जमीन, आत चिखल. पुढचं चाक अर्धं बुडालं. मी गुडघ्यापर्यंत. मोगरा सुरक्षित. लांब मेंढरं दिसतायत.

रात्री, घरी.
मेंढरं मुंजाबा नावाच्या मेंढपाळाची. त्यानं काठी दिली आणि मला ओढून काढलं, मग सायकलला. नकाशा दाखवला. तो म्हणाला, ह्यो रस्ता माझ्या बापानं बघितला, सर. मी म्हणालो, पण पाणी तर हटलंय. तो म्हणाला, पाणी हटलं म्हंजी काय रस्ता वर येतो व्हय? गाळ हाय नुसता. आणि मग अर्धा तास सायकल खांद्यावर घेऊन मला गावापर्यंत आणून सोडलं. चहालासुद्धा थांबला नाही.

दारात राजाबाई. मला बघून म्हणाल्या, अगं माय, जावईबापू! म्हणजे आनंदच झाला. मग आत बघून हळूच म्हणाल्या, तुम्ही येणार हायेत हे आम्हाला कुणी सांगितलंच नाय. पण धोंड्याच्या महिन्यात दारी आलेला जावई उपाशी जाऊ द्यायचा नसतो, पाय धुवा.

सत्यशीला बाहेर आली. वाळली आहे. मोगरा दिला, घरचाच आहे म्हणालो. तिनं पानाला बोट लावलं. हा आपला नाय, म्हणाली. आणि त्याला तांब्याभर पाणी घातलं.

पाट दोन मांडलेले होते, रांगोळीसकट. शिवराज आणि श्रेया, जोडीनं. धोंड्याला जोडीनंच बसवतात, लक्ष्मीनारायण म्हणून. माझ्यासाठी माळ्यावरून तिसरा पाट काढला, पुसला, मांडला. एकच. मी तो भिंतीकडे सरकवून शेजारी जागा केली. सत्यशीला तुपाचं भांडं घेऊन आली. शिवराजला वाढलं, श्रेयाला वाढलं, मला वाढलं. धोंडा तुपात बुडेपर्यंत वाढलं, मला आवडतं तसं. मी जागेकडे बघितलं. तिनंही बघितलं. आणि भांडं घेऊन आत गेली.

राजाबाईंनी त्या जोडीला ओवाळलं, मग मला एकट्यालाच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या खुंटीवर सर्जेरावांची टोपी होती. मग माझ्याही डोळ्यांत आलं. आधी लिहिणार होतो की निरांजनाचा धूर. धूर नव्हता.

निघताना शिवराजच्या गाडीच्या टपावर सायकल बांधली. मागच्या सीटवर जागा होती. सत्यशीलाला म्हणालो, उद्या शाळा सुरू होते. चलतेस का? तिनं रागावायला हवं होतं. रागावली नाही. माझ्या बाहीवरचा वाळलेला गाळ नखानं खरवडला आणि शांतपणे म्हणाली, बघू, रविवारी.

मी इतका खूश झालो की राजाबाईंना नमस्कार करायचा राहिला. गाडीत शिवराजला दोनदा सांगितलं, रविवारी म्हणाली. त्यानं गिअर बदलला. श्रेया खिडकीबाहेर बघत होती. शांतता फार झाली म्हणून बिडकीनपाशी मी म्हणालो, रस्ता चांगला झालाय.

१५ जून, सोमवार. सकाळी ६.
संकल्प:
रविवारच्या आत घर झाडून घ्यायचं. गॅलरीतली वाळकी काडी टाकायची. दूध जास्त सांगायचं. दाराशी पिशवी ठेवायला जागा करायची.

सकाळी ६.२०.
वरचं सगळं खोडलं.

बघू, रविवारी. हे वाक्य माझं आहे. जानेवारीत मी ते तीनदा म्हणालो होतो. तीनही वेळा मला जायचं नव्हतं.