अकराव्या नंबरचा निकाल

शुक्रवार, २७ मार्च

यंदा ओकरलंडचं साल! दहा वर्षं वाट पाहिली मी या दिवसाची. चर्चच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपासाचा मासा तळत होतो, तिथेच ऑगीनं दहा वर्षांपूर्वीच्या निवडींची यादी वाचली. अकराव्या नंबरवर आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बर्नी, हा तुझा. सावकाश खा."

अमेरिकन फुटबॉलच्या टीमा दरवर्षी ड्राफ्टमध्ये नंबरानं नवे खेळाडू उचलतात, आणि बाकीचं जग दुसऱ्याच दिवशी निकाल लावतं. कॉलेजातून नुकती उचललेली पोरं! मोठ्या लीगमध्ये एक चेंडू खेळलेली नसतात, आणि टीव्हीवरचे टायवाले म्हणतात, "उत्कृष्ट निवड." डोंबल! आम्ही दहा वर्षं थांबतो. मग हॉलमध्ये बसून आपल्या टीमच्या त्या सालच्या एकेका निवडीला अक्षर देतो, ए पासून एफ पर्यंत. तेही ज्याला त्याला त्याच्या जागेप्रमाणे. धावणारा पाच वर्षं टिकला तर पुष्कळ झालं. नुसता लाथ मारणारा किकर पंधरा वर्षं टिकला तरी त्यात काय मोठंसं! ऑगी चेंडू फेकणारे क्वार्टरबॅक बघतो, शेजारची लॉरेन धावणारे बघते, मी लाइन.

लाइन कुणालाच नको होती. पाच दांडगे पुढे उभे राहून क्वार्टरबॅकला वाचवतात. नीट केलं तर कुणी बघत नाही, चुकलं की अख्खं स्टेडियम नाव घेतं. शाळेच्या कँटीनमध्ये तीस वर्षं रांधलंय मी. मला बरोबर कळतं ते.

पण ओकरलंड! डावा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची पाठ राखायची — आणि यानं एकतीस सामन्यांत त्याला तेवीसदा आपटू दिलं. मग गुडघा गेला, खेळ संपला. निकाल लिहायला एक मिनिटही लागणार नाही. एफच्या खाली अक्षर असतं तर तेही दिलं असतं.

सोमवार, ३० मार्च

क्रिस्टाचा फोन. "आई, ईस्टरला एकाला आणतेय. ओकी म्हणतात त्याला." मी म्हटलं, आण की! तर लगेच, "आणि आई, प्लीज, जरा तोंड सांभाळ."

म्हणजे तो दातांचा डॉक्टर अजून विसरली नाही. मी एवढंच म्हटलं होतं की हसतोस तेव्हा बिल पाठवल्यासारखं वाटतं. पळाला तो पळालाच. पोरगी पस्तिशीची झाली. हा माझ्यामुळे पळाला तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. ठरलं — तोंड बंद!

गुरुवार, २ एप्रिल

ब्रॉडवे मार्केटात ही गर्दी! ईस्टरच्या टेबलावर कापायचं लोण्याचं कोकरू शेवटचं एकच उरलं होतं. एका बाईच्या हातावर हात ठेवून घेतलं. ती बघतच राहिली.

रविवार, ५ एप्रिल — ईस्टर

कुठून सुरू करू!

दारात हा उंच माणूस. लाल दाढी, खांदे दारात मावेनात, पण पोट नाही. सोबत तीन पायांचा कुत्रा. क्रिस्टा जनावरांच्या दवाखान्यात आहे, तिथेच ओळख झाली म्हणे. शाळेत पोरांना सुतारकाम शिकवतो. मी 'या' म्हणून पुढे काही बोलायच्या आत माझं स्वयंपाकघरातलं हलणारं कपाट बघून म्हणाला, "बिजागरी उलटी लावलीय, मिसेस व्रोना." आणि जेवणाआधी सरळ करूनही टाकली! बटाटा भरून उकडलेल्या चौदा पिएरोगी खाल्ल्या. मोजल्या मी. लोण्याच्या कोकराचं डोकं कापायची वेळ आली तर म्हणाला, "मला नाही बघवणार," आणि खरंच तोंड फिरवलं! क्रिस्टा हसून हसून रडली. किती वर्षांनी हसली अशी. मी आत जाऊन पाण्याचा नळ उगाच सोडून उभी राहिले.

आणि मग जेवणाचा काटा खाली पडला.

तो उचलायला वाकला. तीन बोटं जमिनीवर, डावा पाय मागे, मान वर. माणसं काटा असा उचलत नाहीत! लाइनवर उभं राहायला शिकलेलेच असे वाकतात. डावा पाय जास्तच मागे, डाव्या टॅकलचा. माझ्या हातातली बीटच्या सॅलडची वाटी तशीच राहिली.

ओकी. ओकरलंड. लीफ ओकरलंड!

चाळीस किलो उतरवलेत, म्हणून ओळखला नाही. आणि लाइनवाल्याचा चेहरा बघतं कोण, हेल्मेटच दिसतं. मी म्हटलं, "तू... तुम्ही... खेळायचात?" तो म्हणाला, "तीन वर्षं. फार वाईट." आणि शांतपणे पंधरावी पिएरोगी घेतली.

सोमवार, ६ एप्रिल

डिंगस डे, आम्हा पोलिश लोकांचा फांद्या मारायचा आणि पाणी उडवायचा सण. क्रिस्टानं विलोच्या फांद्यांनी त्याला अख्ख्या रस्त्यावर पळवला, त्यानं बादलीभर पाणी ओतलं तिच्यावर. लॉरेन खिडकीतून ओरडली, "बर्नी, हा तर जावई दिसतोय!" तिला अजून पत्ता नाही कोण ते. देवा, बावीस तारखेच्या हॉलमधल्या निकालापर्यंत कळू नये.

बुधवार, ८ एप्रिल

सकाळी कॉफी घेऊन त्याच्या सगळ्या सामन्यांची रेकॉर्डिंग काढून बसले. काहीतरी चांगलं सापडेलच. डीपर्यंत नेता आलं तरी पुरे. डी म्हणजे निदान पास.

शनिवार, ११ एप्रिल

अठरा सामने बघून झाले. हात आखूड आहेत बिचाऱ्याचे. टॅकलच्या जागेवर लांब हात लागतात, समोरचा बाजूनं वळसा घालतो त्याला अडवायला. हा पोचेपर्यंत तो मागे जाऊन क्वार्टरबॅकला मिठी मारून परतही येतो! मीच उशीत तोंड खुपसलं.

सोमवार, १३ एप्रिल

सापडलं! दुसऱ्या वर्षीचे चार सामने. गार्डवाला जखमी झाला म्हणून याला एक घर आत, गार्डच्या जागेवर घातला होता. तिथे वळसा नसतो, समोरासमोर ढकलाढकली. आणि काय खेळलाय! भिंत नुसती! चार सामन्यांत त्याच्या बाजूनं एक माणूस आत आला नाही. टेबलावर हात आपटून ओरडले मी, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

गार्ड म्हणून बी देता येईल. बी!

मंगळवार, १४ एप्रिल

नाही देता येणार. आपल्या टीमनं त्याला गार्ड म्हणून उचललं नव्हतं. अकराव्या नंबरला कुणी गार्ड घेतं का! टॅकल म्हणून घेतला, टॅकल म्हणूनच निकाल. बावीस वर्षं मी हेच दुसऱ्यांना सुनावत आलेय. ऑगीच्या भाच्याच्या लाडक्या सेंटरला, लाइनच्या मधल्या गड्याला, मीच डी दिला होता, तेव्हा ऑगी दोन ईस्टर बोलला नव्हता माझ्याशी. आता माझ्यावर आलं तर पट्टी बदलू? जीव नुसता टांगणीला लागलाय.

गुरुवार, १६ एप्रिल

तो पन्हळ दुरुस्त करायला आला. तळ्यावरून बोचरा वारा, हा नुसत्या शर्टावर. मी खालून शिडी धरली होती. (त्याला काय धरायची गरज!) विचारलं, "ज्या गावानं एवढ्या शिव्या घातल्या, तिथे राहिलात कशाला?" म्हणाला, "एका हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी बर्फात अडकली होती. शिव्या देणारेच चौघे ढकलायला आले. ढकलताना पण शिव्या देत होते." आणि असा मनापासून हसला!

हा मुलगा मला हवाय. तिच्यापेक्षा मलाच जास्त हवाय की काय कोण जाणे.

शनिवार, १८ एप्रिल

क्रिस्टाला सगळं सांगून टाकलं. हॉल, यादी, अकरावा नंबर. मला वाटलं चिडेल. ती बशी पुसतच राहिली. "मग काय देणारेस?" म्हटलं, "काय देऊ तूच सांग." "मी नाही सांगणार, आई. तुझं काम आहे." "तो गेला तर?" बशी ठेवली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू लिही जे लिहायचंय ते."

गाल लाल झाले होते तिचे. रागानं, नाहीतर कशानं?

मंगळवार, २१ एप्रिल

लिहिलं. खोडलं. परत तेच लिहिलं.

बुधवार, २२ एप्रिल

घरी आल्या आल्या लिहितेय.

हॉल भरलेला. गोमांस भरलेले खारे वेक-पाव, मुळ्याची झणझणीत चटणी, बिअर. ऑगीनं गळ्यात शिट्टी अडकवलेली. धावणाऱ्यांवरून लॉरेनची आणि ऑगीची जुंपली, तिनं एकाला सी दिला तर ऑगी म्हणे, "तुझ्या नवऱ्याला ए देतेस आणि याला सी?" नेहमीचा धुमाकूळ.

"अकरावा! बर्नी!"

उठले. आणि त्याच क्षणी दार उघडून क्रिस्टा आत आली. मागे तो. दारात वाकून. कुणीतरी कुजबुजलं, "अरे, हा तर..." लॉरेननं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मला बिअरसकट पोटात घ्यावं.

तो मागच्या बाकावर बसला. बाक करकरला. माझ्याकडे बघून मान हलवली, वाचा म्हणून.

वाचलं. आवाज फाटला पण वाचलं. "लीफ ओकरलंड. डावा टॅकल. एकतीस सामने, तेवीसदा क्वार्टरबॅक आपटला. हात आखूड, पाय चांगले, हिंमत भरपूर. चार सामने गार्ड म्हणून खेळला, त्यात कुणाला हलू दिलं नाही. टीमनं तिथेच ठेवायला हवा होता. पण निवड टॅकलची होती. निकाल — एफ."

मागून एक हात वर गेला. ऑगीनं कशीबशी शिट्टी वाजवली. "बोला."

तो उभा राहिला. "हरकत आहे माझी. तेवीस नाही, सव्वीस. तीन वेळा दोष धावणाऱ्याच्या नावावर टाकला, अडवायचा माणूस माझा होता. दुरुस्त करून घ्या."

ऑगी असा हसला की शिट्टी तोंडातच वाजत राहिली, आणि मग सगळा हॉल! टेबलं बडवली लोकांनी. लॉरेन ओरडली, "माझ्या धावणाऱ्याला आत्ताच्या आत्ता बी!" आणि तिथल्या तिथे सीचा बी केला. हा अजून उभाच. "आणखी एक. नवव्या रांगेतून एक बाई दर रविवारी ओरडायच्या, 'कंबर खाली घाल रे मेल्या!' ईस्टरला दारात 'या' म्हणाल्या तेव्हाच आवाज ओळखला मी. बरोबर सांगत होत्या. एकदा ऐकलं, त्या दिवशी क्वार्टरबॅक एकदाही आपटला नाही."

सगळे वळून माझ्याकडे! मी कागदामागे तोंड लपवलं. हसत होते की रडत होते, मलाही सांगता येणार नाही.

त्याला चार वेक-पाव खायला घातले ऑगीनं. लोक रांग लावून हात मिळवत होते, दहा वर्षं शिव्या दिलेले लोक. बाहेर पडताना मी विचारलं, "रागावलात?" म्हणाला, "मिसेस व्रोना, त्या चार सामन्यांबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं." एवढंच. आणि डोळे पुसत गाडीकडे गेला. पण क्रिस्टा माझ्याकडे न बघताच त्याच्यामागे गेली. माझ्याशी एक शब्द नाही.

गुरुवार, २३ एप्रिल

ड्राफ्ट. आपल्या टीमनं कुणातरी पोराला उचललं. टायवाले म्हणाले, उत्कृष्ट. बघू दहा वर्षांनी. माझं लक्षच नव्हतं, फोनकडे डोळे. क्रिस्टा उचलत नाही.

शुक्रवार, २४ एप्रिल

सकाळी दोघं दारात, हातात हात. त्यांचं लग्न झालंय! फेब्रुवारीतच, कोर्टात! "यानंच सांगू दिलं नाही, आई, म्हणून तुझा फोनही उचलवेना," क्रिस्टा म्हणाली, आणि तो दाढी खाजवत, जमिनीकडे बघत, "मला दहा वर्षं खरा निकाल हवा होता. यंदा तो तुम्ही लावणार, हे हिनं कधीच सांगितलं होतं. जावयाला तो कोण देतं?" आधी लग्नाला बोलावलं नाही म्हणून दोघांनाही यथेच्छ शिव्या घातल्या. मग त्याच्या छातीवर डोकं टेकून इतकी रडले की शर्ट भिजला त्याचा.