कोणतं हाय?

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पॉझिटिव्ह! टॉक्सोप्लाझ्मा का काय ते. डॉक्टरनं रिपोर्ट बघितला न बघितला तोच म्हणाला, "बाळ आंधळं होऊ शकतं, डोक्यात पाणी होऊ शकतं. रिस्क कशाला? खाली करून घ्या." अकरा आठवडे झालेत मला. मशीनमधनं निघालेलं तिकीट रद्द करायचं असल्यासारखं बोलतो मेला!

जीवन रस्ताभर गप्प. नवऱ्यानं बोलायला पाहिजे तेव्हाच याची दातखीळ बसते.

४ फेब्रुवारी

ही लागण मांजरीच्या घाणीतून होते असं डॉक्टर म्हणालेला, सासूबाईंनी सगळं खापर माझ्या मांजरीवर फोडलं. पोत्यात घालून माजलगावला धरणावर सोडा म्हणे. मी म्हटलं, आधी मला पोत्यात घाला! थोरली जाऊ ज्योत्स्ना भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. दोन वर्षांमागं तिचं याच रिपोर्टापायी खाली केलेलं. "ज्योत्स्नानं ऐकलं, तू कावून ऐकंना?" सासूबाईंचा एकच हेका.

नाही ऐकणार. कंडक्टर आहे मी. वडवणी-बीड गाडीत साठ माणसं माझ्या एका आवाजावर पुढं सरकतात. यांचं काय घेऊन बसलात!

८ फेब्रुवारी

रजा टाकून एकटीच बीडला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई नीट बोलल्या. रिपोर्टात दोन ओळी असतात. आयजीजी म्हणजे कधीतरी लागण होऊन गेली. आयजीएम म्हणजे कदाचित ताजी – पण कदाचितच, ती वर्षभरही रेंगाळते. आयजीएम नसलीच तर लागण जुनी, बाळाला भीती नाही. माझ्या दोन्ही पॉझिटिव्ह. आणि ताजी असली तरी औषध आहे, पुढच्या तपासण्या आहेत. "एका कागदावर कुणी बाळ काढतं का?" रक्त पुण्याला पाठवलंय, एविडिटी नावाच्या टेस्टला; लागण जुनी का ताजी ते त्यातून कळतं. तोवर गोळ्या, दिवसातून तीनदा.

मांजरीचं विचारलं. म्हणाल्या, "कच्चट मटण, न धुतलेली भाजी, मातीचे हात, यातूनही होतं. मांजरीची घाण तेवढी दुसऱ्या कुणी काढायची." दुसरा म्हणजे जीवन. ठरलं!

परतीच्या गाडीत रडले. तिकिटाला आलेला धुळाजी आमच्याच डेपोतला. त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. बरं केलं.

११ फेब्रुवारी

जीवन मेथी तीन पाण्यातून धुतो. अजून तोंड उघडत नाही. पण धुतो!

१५ फेब्रुवारी

लॅबचा फोन जीवननं घेतला. मी न्हाणीत होते. बाहेर आले तर सासूबाई कपाळाला हात लावून बसलेल्या. "हाय म्हनं! म्या म्हनलंच व्हतं, हाय!" सोमवारी खाली करायला दवाखान्यात न्यायचं हेही ठरवून मोकळ्या.

मीही घाबरले, खोटं कशाला लिहू? मग डोकं सटकलं. जीवनला म्हटलं, "काय म्हणाले ते शब्द न् शब्द सांग."

"एविडिटी हाय."

"कोणतं हाय? आपलं का इंग्रजी?"

त्याला सांगता येईना. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला – ऐकू दे सगळ्यांना! त्या हसल्याच. "हाय म्हणजे जास्त हो! जास्त म्हणजे लागण जुनी. चार महिन्यांच्याही मागची. तेव्हा बाळ पोटातच नव्हतं."

घ्या! जीवन ओसरीवरच बसला आणि हमसून हमसून रडला. सासूबाई म्हणाल्या, "मंग मराठीत सांगाया काय झालतं त्यायला?" त्यांचं बोलणं आज पहिल्यांदा पटलं. दोघी मिळून हसलो.

१६ फेब्रुवारी

दुपारी ज्योत्स्ना तिची जुनी फाईल घेऊन आली. दार लावून घेतलं. "तुला आता वाचता येतं. माझंबी बघ."

आयजीजी पॉझिटिव्ह. आयजीएम निगेटिव्ह.

"जुनंच व्हतं का गं?"

खोटं बोलता आलं नाही. हो म्हटलं.