नळाजवळचं बटण

५ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना उगाच मर्दुमकी दाखवू नकोस.

तुझ्या वहिनीचं विसरणं वाढलंय. परवा भांडी घासता घासता तिनं ओल्या हातानं नळाजवळचं दिव्याचं बटण दाबलं, आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. एक हात नळाला असताना दुसरा बटणाला पोचता कामा नये, असं जन्मभर लोकांना बजावत आलो. घरात मात्र तिनं ते कधी हलवू दिलं नाही, तिला हाताशी हवं होतं. आता ते काढून दाराशी नेलं. जुनी जागा बुजवून रंगही दिला.

काम बेस झालंय, पण तिचा हात दाराकडे जात नाही. अंधारून आलं की नळापाशी उभी राहून भिंत चाचपते. दाखवलं की मान डोलावते, आणि पुन्हा भिंत. आपोआप लागणारा दिवा बसवला, तर घरात कुणी शिरलं म्हणून किंचाळली. डॉक्टर म्हणतात, तिला स्वयंपाकघरात येऊच देऊ नका. मग तिच्याकडे उरलं काय, तूच सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. गुडघे माझं ऐकत नाहीत, तुझ्यावरच गेलेत.

वहिनींना स्वयंपाकघराबाहेर काढू नकोस, माझ्या गळ्याची शपथ. एवढा मोठा वायरमन तू, पण डोकं तारांतच अडकलेलं! जुन्या जागी नुसतं खोटं बटण बसव. तार जोडूच नकोस. तिकडे खट्ट वाजलं की तू दाराशी दिवा लाव. त्यांना कळायचं काय कारण?

आहे तसाच जीव लाव.
तुझी चिमणी

२ मे

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. तुझी युक्ती लागू पडली होती. ती खट्ट करायची, मी दिवा लावायचो. एकदा मी अंघोळीला गेलो होतो, तर बाहेर आल्यावर ऐकवलं, नवरा वायरमन आणि घरात अंधार! किती दिवसांनी हसलो.

गेल्या आठवड्यात दिवा लागल्यावर तिनं मला दाराशी पाहिलं. अदबीनं म्हणाली, काम झालं ना, आता घरी जा, तुमची माणसं वाट बघत असतील. माझ्या हाताखालचं बटण दाबून तिनंच दिवा बंद केला, मला बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. मी आमच्याच बोळात उभा. आतून खट्ट वाजलं. पुन्हा खट्ट. दिव्याचं बटण दाराच्या आत, माझ्या हातापासून वीतभर. हाक मारली, पण माझा आवाज तिला परकाच. मग खूप वेळ खटखट ऐकू येत राहिली, आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी तिनं दार उघडल्यावर मी ती कडीच उखडून टाकली, आणि दाराबाहेरही बटण बसवलं. संध्याकाळी तिथं हात ठेवून उभा राहतो. पण तिनं पुन्हा खटका दाबलेला नाही. नळापाशी अंधारात नुसती उभी असते. बटणाकडे बघते, जसं ते दुसऱ्याच कुणाच्या घरचं आहे.

दिवा मीच लावतो. ती डोळे मिटून घेते.

तू येऊ नकोस. तुला ती ओळखणार नाही, आणि ते मला बघवणार नाही. पत्र मात्र पाठवत जा.
तुझा दादा