ठोकळे लावलेली पेडलं

प्रिय अहो,

आज सकाळी तुमच्या गाडीचं इंजिन बैलगाडीत चढवून बंदरावर नेलं. म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला विचारू?

तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा गाडी घरामागच्या मांगरात, त्या खोपटात, सुटी होऊन पडली होती. इंजिन एकीकडे, चाकं दुसरीकडे, पुढची काच गोणपाटात गुंडाळलेली. शर्यतीत धावलेली, दोनच माणसांची ती लाल गाडी! एका संस्थानिकाच्या कारभाऱ्याकडून आणलीत तेव्हा अख्खं देवगड बघायला लोटलं होतं. ती स्वतःच्या हातांनी का खोललीत? विचारलं तर म्हणालात, "बघू." बघू म्हणजे काय हो?

मला वाटलं, विकायची असेल. बेळगावचा एक शर्यतवाला आला, दोन्ही कार्बुरेटर आणि आऱ्यांची चाकं घेऊन गेला.

मग पांडू तांडेल आला. "वयनी, ह्या इंजिन भाऊंनी माका होडयेसाठी देतंय म्हणान सांगितल्यानी."

तुमचा शब्द! मी हो म्हटलं.

काल तुमच्या गाडीचं काम बघणारे यशवंत मिस्त्री मुंबईहून परतले ते थेट घरी आले. रिकामा सांगाडा बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "इकलात? वयनी, भाऊ गाडी परत जोडतले होते!" कोपऱ्यातली पेडलं उचलून दाखवली. त्यांवर लाकडी ठोकळे. "तुमचे पाय पोचूक होये म्हणान माझ्याकडसून करून घेतल्यानी."

माझे पाय? मी कधी म्हटलं होतं, मला गाडी चालवायचीय? कुणकेश्वरला जाताना वळणावळणावर मी तुमचा दंड धरून डोळे मिटायची! की एकदा उघडे ठेवले होते, ते पाहिलंत तुम्ही?

तांडेल खोटं बोलणारा नाही. मिस्त्रीही नाहीत. इंजिन होडीला, तर पेडलं कुणासाठी? यातलं आधी काय ठरवलंत? दोघांनाही विचारलं, तुमचं त्यांच्याशी हे बोलणं कधी झालं? दोघंही म्हणाले, "आंब्याच्या दिसांत."

मिस्त्री म्हणाले, व्यवहार मोडूया. मी नको म्हटलं. तांडेलाची होडी बांधून तयार आहे, त्याला कसं माघारी फिरवू? पेडलं मात्र ठेवून घेतली. मिस्त्रींकडे जुनी जीप आहे, ते ठोकळे तिला बसतील म्हणाले.

तुमच्या मनात काय होतं, मला कळलेलं नाही. कळेल असंही वाटत नाही. पण सोमवारी मी मिस्त्रींकडे जीप शिकायला जाणार आहे. शिकेन. तुमच्यावर चिडून का होईना, शिकेन.

तुमचीच,
सुमन