लंडनच्या चोरांची बोली आणि श्री. चौधरींची रवानगी

प्रति,
मा. जिल्हा शाळा निरीक्षक साहेब,
निमाड जिल्हा, खंडवा.

विषय: चित्रकला शिक्षक श्री. दिगंबर चौधरी यांना मुंबई राज्याच्या वाट्याला देण्याबाबत.
संदर्भ: राज्य पुनर्रचनेत सरकारी नोकरांची वाटणी होणार, हे आपले परिपत्रक.

महोदय,

१. अर्जदार शालिग्राम महाजन बऱ्हाणपुरात इंग्रजी शिकवतो. दर शनिवारी वाचनालयात विलायती गुप्तहेरकथा मराठीतून सांगण्याचा पायंडा त्यानेच पाडला. पुढच्या सतरंजीवर बायका बसतात. त्यांत अर्जदाराची पत्नी सौ. मालती.

२. या कथांतले लंडनचे चोर कोशात न सापडणारी इंग्रजी बोलतात. अर्जदार ती सभ्य मराठीत आणी: "शिपाई येत आहे, आपण येथून निघून जावे." एकदा त्याचा घसा बसला आणि पुस्तक श्री. चौधरींच्या हाती गेले. ते लढाईच्या काळात देवळालीला गोऱ्या पलटणीच्या कोठारात कारकून होते. ही बोली तिथे त्यांच्या कानांत मुरली. त्यांचा चोर म्हणाला, "मामा आला रे भो, निंघ!" वाचनालय हसून लोळले. पुस्तक परत आले नाही; तेव्हापासून दर शनिवारी पुढचे प्रकरण तेच सांगतात.

३. (खोडले. यात श्री. चौधरींच्या कुरळ्या केसांविषयी मजकूर होता.)

४. अर्जदाराने घरी स्वतःचे भाषांतर मोठ्याने वाचून दाखवले. सौ. मालती म्हणाली, "अहो, तुमचा चोर तर अर्ज केल्यासारखा बोलतो!" परवा अर्जदार शाळेतून परतला, तेव्हा ओट्यावर ती शेजारच्या सुलभाबाईंना म्हणाली, "मामा आला गं बाई, निंघ!" दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. अर्जदाराने वळून गल्लीत शिपाई शोधला. मागे कोणी नव्हते.

५. तरी श्री. चौधरींना मुंबई राज्यात जाणाऱ्या नागपूरकडे पाठवावे. नागपुरातही चोर असतीलच. ते अशक्य असल्यास अर्जदारास सपत्नीक पाठवावे. मात्र गोष्टीतला खुनी सापडल्याशिवाय गाव सोडणार नाही, असे सौ. मालतीने बजावले आहे. सबब हुकूम कोणताही असो, तो शेवटच्या प्रकरणानंतर निघावा.

३ (पुन्हा). केस कुरळे आहेत, हे मात्र खरे.

६. अर्जदाराने ते पुस्तक केव्हाच वाचून संपवले आहे. खुनी कोण, हे त्याला ठाऊक आहे. रोज जेवताना तो घास हातात धरून थोडा थांबतो. घरात अजून कोणी विचारलेले नाही.

हुकमाची वाट पाहत,
आपला नम्र,
शालिग्राम निंबाजी महाजन
बऱ्हाणपूर, दि. ९ ऑक्टोबर १९५६