बायकांनी प्लेट

८ फेब्रुवारी १९७९, गुरुवार

अडतीस!

दर गुरुवारी रेकॉर्डच्या दुकानात, काउंटरवर, मेलबर्नच्या रेडिओची छापील यादी येते. आठवड्यातली सर्वांत गाजलेली चाळीस गाणी, क्रमानं. खालून तिसरे आम्ही. आमचा बँड फ्लायवायर — गाणं 'बायकांनी प्लेट'. मी दोन कागद उचलले.

काउंटरवरची पोरगी म्हणाली, "एकाला एकच."

मी म्हटलं, "हे आमचं गाणं आहे."

"तू गातोस?"

"बेस गिटार वाजवतो."

"मग एकच."

गातो डॅझ. शब्द माझे. हे तिला सांगायला पाहिजे होतं. रस्त्यावर आल्यावर सुचलं.

११ फेब्रुवारी, रविवार

आईकडे जेवायला. रेकॉर्ड तिच्याकडे आधीच! मी द्यायच्या आधी स्वतः दुकानात जाऊन विकत आणली — एक नाही, सहा. घरात एकटी राहते, तरी तिचं सगळं सहाच्या मापानं. बाकीच्या पाच गल्लीत वाटल्या. मिसेस लोमॅक्सलासुद्धा.

जेवताना दोनदा लावली. मान हलवत होती, सुराच्या थोडी मागे.

"तो काय म्हणतो रे यात?"

"पाहुणचाराबद्दल आहे."

"छान," म्हणाली, आणि बटाटा वाढला. इंग्रजी गाण्यात तिला ढोल तेवढा ऐकू येतो. तेवीस वर्षं झाली इथं, पण गाणं म्हटलं की शब्द सोडून देते.

आनके स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, "खोटारड्या." बहीण आहे, म्हणेलच.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सत्तावीस.

खरी गोष्ट एकदा लिहून ठेवतो. डॅझनं इतक्या वेळा गायली की आता गाण्यातलीच खरी वाटायला लागली आहे.

मी पाच वर्षांचा. हॉलंडहून बोटीनं येऊन दीड महिना झालेला. जिलाँगच्या कडेला, आमच्या नॉरलेनच्या चर्चच्या हॉलमध्ये नाच होता. दारावर पाटी — 'पुरुषांनी तिकीट, बायकांनी प्लेट.' इथं शेंबड्या पोरालाही कळतं — प्लेट म्हणजे घरून करून आणलेला पदार्थ. आईनं शब्दकोशात पाहिलं. प्लेट म्हणजे प्लेट. ती बाबांना म्हणाली, "बिचारे. नाच ठेवलाय, आणि खायला प्लेटा नाहीत यांच्याकडे."

आमच्याकडे सहा होत्या. निळ्या काठाच्या, तिच्या लग्नातल्या, लोकरी कपड्यांत गुंडाळून बोटीतून आणलेल्या. सहाच्या सहा घेतल्या. घासून, पुसून, स्वच्छ फडक्यात बांधून, बसमध्ये मांडीवर धरून नेल्या.

मिसेस लोमॅक्सनं फडकं उचललं. "अगं बाई, आणि खायचं कुठंय?"

सगळ्या हसल्या. आई पण हसली — तिला वाटलं, आभार मानताहेत. मग कळलं. मग ती भिंतीकडेच्या बाकावर बसली. प्लेटा मांडीवर. नाच संपेपर्यंत तशीच.

मी टेबलाखाली बसून लोकांनी आणलेले सॉसेज रोल खात होतो. छान होते.

गाण्यात प्लेट एक आहे. बाई जाडी आहे. भुकेली आहे. हॉलच्या दारात उभी राहून रिकामी प्लेट पुढं करते — 'भरा गं बायांनो, भरा.' डॅझ ते घशातून खरखरत म्हणतो, आमच्या लोकांसारखं. सहा प्लेटा द्यायला आलेल्या बाईवर गाणं होत नाही. एक घेऊन मागायला आलेल्या बाईवर होतं. सत्तावीस!

बँडच्या गाडीत हा किस्सा मी पहिल्यांदा सांगितला तेव्हा म्हटलं होतं, शेजारची एक बाई. डॅझ इतका हसला की गाडी कडेला घ्यावी लागली. त्याला हसवायला मला शाळेपासून आवडतं. नाहीतर तो माझ्यावर हसतो. मी अजून त्याच्यासाठी खडाव्या — लाकडाच्या खडावा घालणाऱ्या डच लोकांतला.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

एकोणीस. डॅझनं आता डोक्याला रुमाल बांधायला सुरुवात केली आहे. पोटाला उशी. काल बॅलरॅटच्या पबमध्ये खरोखर खडावा घालून आला. लोक टेबलावर चढले.

"बरोबर चालतोय का रे मी, खडाव्या? तू सांग, तुमच्यातल्या बाया कशा चालतात?"

मी चालून दाखवलं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

गाडीत रेडिओ लावला होता. फर्माइशी. निवेदक म्हणाला, "आता नॉरलेनहून कोण? सित्... सित्स्के? बाई, हे नाव आहे की शिंक?"

आईचा आवाज. आई हसली.

"मुलाचं गाणं लावा. फ्लायवायर."

"मुलाचं नाव काय?"

"रायंडर."

"अजून एक शिंक! घर कोरडं ठेवत जा, बाई. कुठलं गाणं?"

"प्लेटचं," आई म्हणाली. "प्लेटचं लावा. सगळ्यांना सांगा, चांगलं आहे."

गाडीत सगळे लोळले. डॅझनं माझी मान धरून नाकाला रुमाल लावला. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. मोठ्यानं हसलं की कुणी तोंडाकडे बघत नाही.

क्लेम म्हणाला, "रोज करायला सांग म्हातारीला फोन." क्लेम आमचा मॅनेजर. विनोद करत नव्हता.

२७ फेब्रुवारी

आईला सांगितलं. रोज करीन म्हणाली.

१ मार्च, गुरुवार

अकरा!! टीव्हीवाल्यांनी क्लेमला उलट फोन केला. आधी तो करायचा, आता ते करतात.

८ मार्च, गुरुवार

सात.

१० मार्च, शनिवार

घरच्या गावात कार्यक्रम. जिलाँगचा हॉल भरलेला. क्लेमनं दारात प्रत्येकाला एक कागदी प्लेट दिली. गाण्यात 'भरा' आलं की सगळ्यांनी भिरकावायची, स्टेजवर. पांढरा पाऊस पडला. एक माझ्या भुवईला लागली. रक्त आलं थोडं. लोकांना वाटलं, हेही कार्यक्रमातलंच.

आई मागच्या रांगेत होती. चांगला कोट, केस बसवलेले. हातात बटर केकचा डबा — ती कुठंच मोकळ्या हातानं जात नाही. डेंटिस्टकडेसुद्धा केक. मिसेस लोमॅक्सला दर नाताळला केक, तेवीस वर्षं. मिसेस लोमॅक्स तो खाते, आणि तोंडातला संपायच्या आत प्लेटांची गोष्ट सांगते.

संपल्यावर हॉल रिकामा झाला तेव्हा ती खाली वाकून कागदी प्लेटा गोळा करत होती. पाय पडलेल्या वेगळ्या, स्वच्छ वेगळ्या.

"आई, राहू दे. झाडणारे येतील."

"इतक्या कोऱ्या! वाया जातील, पोरा."

क्लेम जवळ आला. केक खाल्ला, गोड बोलला. आई त्याला म्हणाली, "पुढच्या वेळी मला सांगा. माझ्याकडे खऱ्या आहेत."

क्लेमनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

१५ मार्च, गुरुवार

चार.

१८ मार्च, रविवार

आईकडे. आई चर्चला गेली तेव्हा आनके आली होती. तिच्या मुलाला शाळेत पोरं 'भरा भरा' म्हणून जेवणाच्या सुट्टीत रिकामा डबा दाखवतात.

"आज तू सांगतोस तिला. नाहीतर मी सांगते."

"काय सांगणार?"

"की ती बाई ती आहे. की तिला तू हावरट केलंस. की सगळं शहर तिच्यावर हसतंय आणि ती फोन करकरून त्यांना अजून हसायला सांगतेय!"

मी म्हटलं, "सांग ना. समोर बस तिच्या, आणि सांग. पण तिचं तोंड तू बघायचं. मी नाही बघणार. त्या बाकावर बसली होती तेव्हाचं मी एकदा बघितलंय. तेव्हा तू पाळण्यात होतीस."

आनकेनं पर्स उचलली. दारात म्हणाली, "बाबा असते तर तुझ्याशी बोलले नसते."

"बाबा कुणाशीच बोलायचे नाहीत."

गेली. सांगणार नाही ती. जिंकलो. आई आली, वाटाण्याचं सूप केलं, दोन वाडगे प्यालो. रेडिओला फोन करायची वेळ झाली तशी उठली.

२२ मार्च, गुरुवार

चार. पुन्हा चार! वरची तिन्ही गाणी परदेशातली. हलत नाहीत. पुढच्या आठवड्यात खाली येणार — सगळ्यांना माहीत आहे. दुकानातल्या त्या पोरीनं आज न मागता दोन कागद दिले. चिडलो.

२३ मार्च, शुक्रवार

क्लेमच्या ऑफिसात. डॅझ टेबलावर पाय टाकून.

क्लेम म्हणाला, "ती बाई कोण होती रे? गाण्यातली."

"शेजारची. सांगितलं ना."

"शेजारची. आणि उच्चार हुबेहूब तुझ्या आईचा?"

डॅझला कळायला वेळ लागला. मग पाय खाली आले.

"खडाव्या! तुझी म्हातारी? तुझी स्वतःची?" पोट धरून हसला. मग हसायचा थांबला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "साल्या, माझा बाप रोज पिऊन यायचा, पण मी त्याच्यावर गाणं नाही लिहिलं रे."

हा डॅझ! उशी बांधून नाचणारा डॅझ!

क्लेमला वेळ नव्हता. रविवारी टीव्ही. सगळा देश बघतो. गाण्याच्या शेवटच्या कडव्याला पडद्याआडून आई येणार. हातात प्लेट. निवेदक सांगणार — हीच ती, खरी बाई! "गुरुवारी पहिला नंबर. लिहून देतो."

"तिला माहीत नाही," मी म्हटलं. "गाणं तिच्यावर आहे हे."

"उत्तम. आधी सांगू नकोस. तिथंच कळू दे. चेहरा पाहिजे, चेहरा! रंगीत टीव्ही आहे."

डॅझ म्हणाला, "मी नाही तिच्यासमोर उशी बांधणार."

क्लेम म्हणाला, "बांधशील." डॅझ खिडकीकडे बघत राहिला. बांधेल.

मी हो म्हटलं. कसं म्हटलं ते खरं लिहितो — आधी चार आणि एक हे दोन आकडे डोळ्यांसमोर आले. आई नंतर आली. आणि आली तेव्हा वाटलं, कोट तोच घालायला सांगावा, कार्यक्रमाचा. रंग चांगला दिसेल.

उद्या विचारतो.

२४ मार्च, शनिवार

विचारलं. ती भांडी पुसत होती.

"टीव्हीवर? तुझ्याबरोबर?"

हो म्हटलं. गाण्याच्या शेवटी यायचं, हातात प्लेट घेऊन. बस, एवढंच.

फडक्याला हात पुसले. कपाट उघडून निळ्या काठाच्या प्लेटा खाली काढल्या. वरची उजेडाला धरून पाहिली.

"सहाही आणू, पोरा? की गाण्यात आहे तशी एकच?"

मी म्हटलं, एकच.